जुनी लक्झरी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेताय? टोकन द्यायच्या आधी हे सगळं करा

२०२० ते २०२२ च्या दरम्यान ज्या इलेक्ट्रिक एसयूव्ही शोरूममधून कोटीच्या आसपास किंमत देऊन बाहेर पडल्या, त्या आता पुण्या-मुंबईच्या सेकंड हँड बाजारात निम्म्या भावात, काही तर त्याहूनही खाली उभ्या आहेत. मर्सिडीजची ईक्यूसी ऑक्टोबर २०२० मध्ये ९९.३ लाखांना आली, जॅग्वारची आय-पेस मार्च २०२१ मध्ये १.०६ कोटीच्या आसपास सुरू झाली, ऑडी ई-ट्रॉन जुलै २०२१ मध्ये ९९.९९ लाखांपासून, बीएमडब्ल्यू आयएक्स डिसेंबर २०२१ मध्ये १.१६ कोटींना, आणि हे सगळे एक्स-शोरूमचे आकडे. त्यामुळे ज्याचं बजेट नवीन फॉर्च्युनरचं आहे तो माणूस आज ऑडीच्या इलेक्ट्रिक गाडीकडे बघतोय, आणि बघावंच, कारण इतकी शांत, इतकी दणकट आणि इतकी आरामदायी गाडी या पैशात दुसरी मिळत नाही. घाटात ओव्हरटेक करताना नुसता पाय दाबायचा, बास.

पण घेताना डोक्यात एक गोष्ट पक्की ठेवा. अशा गाडीत तुम्ही खरे पैसे मोजता ते बॅटरीच्या उरलेल्या वॉरंटीचे. लोगो, लेदर, म्युझिक सिस्टीम हे सगळं वर फुकट मिळतंय असंच समजा. ज्या गाडीची वॉरंटी कागदावर धडधडीत शिल्लक आहे ती दोन-तीन लाख महाग असली तरी स्वस्त, आणि जिची वॉरंटी शंकास्पद आहे ती कितीही स्वस्त दिली तरी महाग. खालचं सगळं याच हिशोबाने लिहिलंय, आणि क्रमानेच करा, कारण बरेच जण आधी गाडीच्या प्रेमात पडतात आणि चौकशी नंतर करतात.

१. आधी घरचा प्लग बघा

गाडी बघायला जायच्या आधी तुमच्या पार्किंगमध्ये उभे राहा आणि वर बघा, लाइट कुठून येणार. या गाड्यांच्या बॅटऱ्या मोठ्या आहेत. ईक्यूसीची ८० युनिटची (युनिट म्हणजे लाइट बिलावरचंच, जाहिरातीत त्याला kWh लिहितात), ई-ट्रॉनच्या मोठ्या ‘५५’ मॉडेलची वापरता येणारी साधारण ८६ युनिटची, आय-पेसची ९० ची. साध्या १५ अँपियरच्या सॉकेटमधून गाडी तासाला जेमतेम अडीच-तीन युनिट घेते, म्हणजे रिकामी ई-ट्रॉन भरायला तीस तासांच्या वर. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर चालवणाऱ्याला हेही पुरतं, रात्रभर लावली की सकाळी तेवढे किलोमीटर परत आलेले असतात, पण वीकेंडला महाबळेश्वर करून आलात आणि सोमवारी सकाळी परत लांब जायचंय तर अडकलात.

म्हणून घरी वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, पाहिजेच. सिंगल फेजवर ३२ अँपियरचा ७.४ किलोवॅटचा बसतो, त्यात ई-ट्रॉन साधारण बारा तासांत भरते. ११ किलोवॅटचा हवा असेल तर थ्री फेज लागतं. आता तुमचं लाइट बिल काढा आणि मंजूर भार किती आहे ते बघा, बऱ्याच फ्लॅटमध्ये तो तीन ते पाच किलोवॅटच असतो, त्यावर गीझर, एसी आणि गाडी एकदम चालणार नाही. महावितरणकडे भार वाढवून घ्या किंवा ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागा, त्याचा दरही वेगळा असतो आणि जास्त युनिटच्या घरगुती स्लॅबपेक्षा तो परवडतो. सोसायटीत असाल तर सेक्रेटरींना आधीच लेखी अर्ज द्या, केबल मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत कुठून जाणार याचा साधा नकाशा जोडून द्या. नकाशा जोडला की मीटिंगमधले निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

अजून एक, अर्थिंग. गाडीबरोबर येणारा पोर्टेबल चार्जर अर्थिंग नीट नसेल तर लाल दिवा लावून बसतो आणि चार्ज करतच नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये, गावाकडच्या घरात हे हमखास होतं. इलेक्ट्रिशियन बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, ते अगदी दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे, जास्त आलं तर नवीन अर्थिंगचा खड्डा करून घ्या. खर्च फार नाही.

घरी किंवा ऑफिसला चार्जिंगची सोय होतच नसेल तर माझं स्पष्ट मत आहे की ही गाडी घेऊ नका. नुसत्या पब्लिक चार्जरवर अडीच टनांची गाडी पोसणं म्हणजे दर आठवड्याला कुठल्यातरी हॉटेलच्या पार्किंगमध्ये तास-दीड तास बसून राहणं, आणि तिथला दरही घरच्यापेक्षा खूप वर असतो.

२. वॉरंटीची तारीख काढा

जवळपास सगळ्या कंपन्यांची हाय व्होल्टेज बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. ही वर्षं पहिल्या मालकाला गाडी मिळाली त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतली त्या दिवसापासून नाही. म्हणजे डिसेंबर २०२० ची ईक्यूसी डिसेंबर २०२८ ला वॉरंटीबाहेर, ऑगस्ट २०२१ ची ई-ट्रॉन ऑगस्ट २०२९ ला. आता तुम्ही गाडी किती वर्षं ठेवणार ते ठरवा. चार वर्षं ठेवायचा विचार असेल आणि वॉरंटी अडीचच वर्षं उरली असेल, तर शेवटचं दीड वर्ष तुमच्या जबाबदारीवर, आणि त्यानंतर ती गाडी तुमच्याकडून घेणाऱ्यालाही हेच गणित दिसणार आहे. विकताना भाव तिथेच पडतो.

वॉरंटीत बहुतेक कंपन्या ७० टक्क्यांची रेघ धरतात, म्हणजे बॅटरीची क्षमता त्याच्या खाली गेली तरच कंपनी ती दुरुस्त करून किंवा बदलून देणार. ७५ टक्क्यांवर आली तर काहीच नाही मिळणार, हे लक्षात ठेवा. आणि गाडीची बाकीची वॉरंटी वेगळी असते, ती साधारण दोन-तीन वर्षांचीच, पुढे कुणी पैसे भरून वाढवली असेल तर तेवढी. सस्पेन्शन, स्क्रीन, एसीचा कॉम्प्रेसर हे सगळं त्या दुसऱ्या वॉरंटीत येतं. विकणारा "आठ वर्षं वॉरंटी आहे" म्हणतो ती फक्त बॅटरीची असते.

हे सगळं तोंडी ऐकायचं नाही. गाडीचा चेसिस नंबर घ्या, कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा किंवा मेल करा, आणि लेखी विचारा: बॅटरी वॉरंटी कधी संपते, ती दुसऱ्या मालकाला मिळते का, त्यासाठी काय करावं लागतं, सर्व्हिस सगळ्या वेळेवर झाल्यात का, आणि एखादा रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) किंवा सॉफ्टवेअर अपडेट बाकी आहे का. मेलला उत्तर आलं की ते जपून ठेवा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसऱ्या सेंटरला विचारा, पण या उत्तराशिवाय एक रुपया टोकन देऊ नका.

३. कुठली गाडी बघायची

इथे थोडं सविस्तर बोलतो, कारण सगळ्या "लक्झरी ईव्ही" एकाच पारड्यात टाकता येत नाहीत.

ऑडी ई-ट्रॉन घेताना ५० की ५५ हे आधी बघा. ५० मध्ये एकूण ७१ युनिटची बॅटरी, ५५ मध्ये ९५ ची. दिसायला दोन्ही सारख्याच, त्यामुळे जाहिरातीत नुसतं "ई-ट्रॉन" लिहिलेलं असतं आणि लोक भाव बघून खूश होतात. ही गाडी वीज जास्त खाते, शंभर किलोमीटरला पंचवीस युनिटच्या आसपास धरा, म्हणजे ५५ मध्ये साधारण ३२०-३४० किलोमीटर खरी रेंज आणि ५० मध्ये अडीचशेच्या आसपास. पुण्याहून कोल्हापूर सव्वादोनशेच्या वर आहे, तेव्हा ५० घेतली तर सातारा-कराडच्या पट्ट्यात कुठेतरी थांबावं लागणार हे धरून चाला. आराम मात्र अप्रतिम, चारही चाकांना एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या.

ईक्यूसी जगभरात बंद झाली २०२३ मध्ये. सर्व्हिस मिळते, गाडी दणकट आहे, पण सुरुवातीच्या गाड्यांमध्ये ऑनबोर्ड चार्जर, म्हणजे गाडीच्या आतला चार्जर, ७.४ किलोवॅटचा होता, त्यामुळे घरी थ्री फेज आणून ११ चा वॉलबॉक्स लावला तरी उपयोग नाही. कुठल्या बॅचची आहे ते विचारा. मागची सीट आणि बूट (डिकी) बघून घ्या, घरात उंच माणसं असतील तर विशेष.

आय-पेस चालवायला सगळ्यात मजा देते यात वाद नाही. पण अमेरिकेत २०२३ मध्ये सहा हजारांहून जास्त आय-पेस बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे रिकॉल झाल्या, आणि २०२४ मध्ये तिथल्या २०१९ मॉडेलच्या गाड्या कंपनीने मालकांकडून परतच घ्यायच्या ठरवल्या. आपल्याकडे ही गाडी आता विकायला नाही, जॅग्वारची नवीन विक्रीच थांबली, सर्व्हिस लँड रोव्हरच्या वर्कशॉपमधून होते. त्या विशिष्ट चेसिस नंबरवर काय काम झालंय आणि काय बाकी आहे याचा लेखी कागद मिळाला आणि भाव खरंच खाली असेल तरच बघा. फ्लॅटच्या बेसमेंटमध्ये पार्किंग असेल तर मी तरी घेणार नाही.

व्होल्वो एक्ससी४० रिचार्ज जुलै २०२२ मध्ये ५५.९ लाखांना आली, ७८ युनिटची बॅटरी, चारशे हॉर्सपॉवर, आणि ती बंगळूरजवळ होसकोटेला असेंबल होते. वरच्या तिघी पूर्ण तयार होऊन बाहेरून आलेल्या गाड्या आहेत, दरवाज्याचा एखादा भाग किंवा हेडलॅम्प लागला तर बाहेरून यायला आठवडे जातात. पहिल्यांदाच इलेक्ट्रिक घेणाऱ्याला मी हीच सुचवतो, थोडी लहान आहे पण डोक्याला ताप कमी.

किया ईव्ही६ आणि ह्युंदाई आयोनिक ५ पण याच बजेटमध्ये येतात आणि चार्ज भरभर होतात. त्यांच्यात आयसीसीयू नावाचा एक भाग आहे, मोठ्या बॅटरीवरून छोटी १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करायचं कामही तोच करतो, तो गेला तर गाडी रस्त्यात बंद पडते. २०२४ मध्ये भारतात दोन्ही कंपन्यांनी त्यासाठी रिकॉल काढले, ईव्ही६ च्या १,१३८ आणि आयोनिकच्या १,७४४ गाड्या. काम झालंय का एवढं तपासा, झालं असेल तर बिनधास्त.

आणि शेवटी प्रामाणिकपणे सांगायचं तर बजेट तीस लाखांच्या आसपास असेल आणि लोगोचा हट्ट नसेल तर महिंद्राची एक्सईव्ही ९ई नवीन बघून या. ७९ युनिटची बॅटरी, चाकणलाच बनते, आणि पहिल्या मालकाला बॅटरीवर लाइफटाइम वॉरंटी. ती चालवून बघितल्यावरही ऑडीच पाहिजे वाटलं तर मग मनात शंका न ठेवता ऑडी घ्या.

४. कागद, आणि त्यात लपलेल्या गोष्टी

आरसी हातात घ्या आणि मालकाचं नाव नीट वाचा. या गाड्या मोठ्या संख्येने कंपनीच्या नावावर घेतलेल्या असतात, कारण धंद्यात इलेक्ट्रिक गाडीवर इन्कम टॅक्समध्ये ४० टक्के घसारा मिळतो, साध्या गाडीला १५. त्यामुळे विकणारा समोर बसलेला माणूस मालक नसून डायरेक्टर असू शकतो, किंवा गाडी लीजवर असून आरसीवर लीजिंग कंपनीचं नाव असू शकतं. कंपनीची असेल तर बोर्ड रेझोल्यूशन लागतं, सही कोण करणार ते त्यात लिहिलेलं पाहिजे. लीजची असेल तर लीज संपल्याचा कागद आणि लीजिंग कंपनीची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत.

एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून कितवा मालक, बँकेचा बोजा आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत आहे हे बघा, आणि महाट्रॅफिक अॅपवर चलान. या गाड्या पळतात फार, एक्सप्रेसवेवरच्या स्पीड कॅमेऱ्याची चलानं साठलेली असतात.

दुसऱ्या राज्याची गाडी स्वस्त मिळतेय म्हणून मोह होतो. दिल्लीत ईव्हीला रोड टॅक्स माफ होता म्हणून तिथे खूप गाड्या नोंदवल्या गेल्या. ती इकडे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथे नवीन नंबरसाठी फॉर्म २७, आणि बोजा असेल तर फॉर्म ३५. टॅक्स किती लागेल हे आपल्या आरटीओत आधी जाऊन विचारा, डीलरच्या "काही लागत नाही हो" वर जाऊ नका. उलट तुम्ही उद्या बंगळूरला बदलून जाणार असाल तर कर्नाटकात मार्च २०२४ पासून २५ लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाडीला १० टक्के टॅक्स आहे, तेही डोक्यात ठेवा.

५. बॅटरीची तब्येत

सेकंड हँडच्या यार्डात साधारण असा संवाद होतो:

"साहेब, बॅटरी बघा ना, शंभर टक्के!"

"अहो, ते चार्ज शंभर टक्के आहे. मी बॅटरीची हेल्थ विचारतोय."

"तेच ना साहेब, फुल चार्ज होतेय म्हणजे हेल्थ चांगलीच."

असं नसतं. स्क्रीनवरचे टक्के म्हणजे टाकीत आत्ता किती आहे ते. टाकीच लहान झालीये का, हे एसओएच म्हणजे स्टेट ऑफ हेल्थ सांगतं आणि ते बहुतेक गाड्यांच्या स्क्रीनवर दिसत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला पैसे भरून बॅटरी रिपोर्ट काढून घ्या, हाच सगळ्यात पक्का मार्ग. विकणारा त्याला तयार नसेल तर पुढची गाडी बघा. ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायच्या छोट्या डोंगलने मोबाईलवरही बघता येतं, पण सगळ्या मॉडेलला बरोबर वाचत नाही, म्हणून मी त्याला दुय्यम मानतो.

रिपोर्ट व्हायच्या आधी एक ढोबळ हिशोब तुम्ही स्वतः करू शकता. टेस्ट ड्राइव्हला ट्रिप मीटर शून्य करा, सुरुवातीचे टक्के लिहून घ्या आणि गाडी चांगली लांब न्या, शंभर किलोमीटर नेता आली तर उत्तम. समजा ई-ट्रॉन ५५ शंभर किलोमीटर गेली, स्क्रीनवर सरासरी पंचवीस युनिट दिसतेय, आणि चार्ज ९० वरून ६० वर आला. म्हणजे ३० टक्क्यांत २५ युनिट, शंभर टक्क्यांत ८३. नवीन असताना ८६, म्हणजे बॅटरी छान आहे. तेच ९० वरून ५५ वर आला असता तर ३५ टक्क्यांत २५ युनिट, शंभराला ७१ च, म्हणजे तब्येत ऐंशीच्या जरा वर, अशी गाडी भावात घासाघीस केल्याशिवाय घ्यायची नाही. दहा किलोमीटरच्या चकरीत हा हिशोब निघत नाही, टक्के पूर्णांकात दिसतात म्हणून चूक मोठी येते.

चार-पाच वर्षांच्या गाडीला ९० च्या पुढे आकडा आला तर खूश व्हा, ८५ पर्यंत ठीक, त्याच्या खाली का आला हे विचारा. वर्षभर बंद उभी असलेली गाडी, शंभर टक्के चार्ज करून उन्हात ठेवलेली गाडी, रोज फास्ट चार्जरवरच वाढलेली गाडी, या तिन्ही कारणांनी बॅटरी लवकर थकते. किलोमीटर कमी म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. मला १२ हजार चाललेली आणि दोन वर्षं झाकून ठेवलेली गाडी नको, नियमित चालवलेली आणि घरी सावकाश चार्ज केलेली ५० हजारांची गाडी द्या.

६. गाडी लिफ्टवर घ्या

हे टाळायचं नाही. बॅटरी गाडीच्या पूर्ण पोटाखाली पसरलेली आहे, आणि आपले स्पीड ब्रेकर आपल्याला माहीत आहेत. लिफ्टवर गाडी गेली की टॉर्च घेऊन पुढून मागे सावकाश चालत बघा. खालच्या कव्हरवर बारीक ओरखडे सगळ्यांनाच असतात, त्यांचं काही नाही. बघायचं ते हे: कुठे खळगा पडलाय का, एखादा बोल्ट नवीन चकचकीत आणि बाकीचे मळकट आहेत का, कडेच्या सीलला कुणी बाहेरून सिलिकॉन फासलंय का, कुठे गुलाबी किंवा निळसर डाग वाळलेला आहे का. असा डाग म्हणजे कूलंट. बॅटरी थंड ठेवणारं पाणी कुठूनतरी गळतंय, आणि ते आत गळायला लागलं तर गोष्ट गंभीर. केसिंगला मार लागलेला असेल तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते, म्हणून खळगा दिसला तर फोटो काढा आणि सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या की याने वॉरंटीला बाधा येत नाही.

नारिंगी रंगाच्या जाड वायर दिसतील, त्या हाय व्होल्टेजच्या, हात लावू नका. नुसतं बघा, कुठे टेप गुंडाळलेला दिसला तर तिथेच थांबायचं.

ब्रेकच्या डिस्क बघा. इलेक्ट्रिक गाडीत पाय सोडला की मोटरच गाडी हळू करते, ब्रेक फार कमी वापरले जातात, त्यामुळे डिस्कवर गंज चढतो, मुंबई, रत्नागिरी, गोव्याच्या खाऱ्या हवेत तर जास्तच. वरवरचा गंज दोन-चार जोरदार ब्रेकमध्ये जातो. खोल चर पडले असतील तर डिस्क बदलायच्या पैशांची बोलणी करा. टायर पण, चारही टायरवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असतं, चारही एकाच कंपनीचे आहेत का बघा. इतक्या वजनाच्या गाडीला टायर लवकर लागतात आणि वीस इंची सेट स्वस्त नसतो.

एअर सस्पेन्शन असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बघायला जा. एक कोपरा खाली बसलेला दिसला तर तिथली हवा गळतेय. संध्याकाळी जाऊन हे कळत नाही, कारण विकणाऱ्याने गाडी चालू करून ठेवलेली असते आणि तोवर ती वर आलेली असते.

७. पुराची गाडी

यासाठी वेगळा मुद्दा, कारण इलेक्ट्रिकमध्ये पुराचं पाणी म्हणजे खेळ खलास. जुलै २०२१ ला चिपळूण, कोल्हापूर, सांगली, डिसेंबर २०२३ ला चेन्नई, २५ जुलै २०२४ ला पुण्यात एकतानगरी, दरवेळी बेसमेंटमधल्या गाड्या बुडतात, इन्शुरन्सवाले टोटल लॉस करतात, आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात विकायला येतात. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या वीतभर भागावर चिखलाची रेघ राहते, तिथे कुणी पुसत नाही. सीट ज्यावर सरकते त्या रेलच्या खाली नखाने खरवडून बघा, बूटचं कार्पेट उचलून खालच्या खोबणीत बोट फिरवा, बारीक माती हाताला लागते. गाडीत गोडसर परफ्यूमचा भपका येत असेल तर काचा बंद करून एसी न लावता दहा मिनिटं बसा, कुबट वास वर येतोच. आणि इन्शुरन्स कंपनीकडून जुन्या क्लेमची माहिती मालकालाच मागायला सांगा.

८. चार्ज लावून बघा

एसी म्हणजे घरचं सावकाश चार्जिंग आणि डीसी म्हणजे फास्ट, दोन्ही. डीलरच्या घरच्या प्लगवर चार्ज होते म्हणजे झालं असं नाही, फास्ट चार्जिंगचा वेगळा भाग खराब असू शकतो. गाडी २०-२५ टक्क्यांवर आणून जवळच्या सीसीएस २ (फास्ट चार्जिंगचा प्लग) चार्जरला लावा आणि अर्धा तास तिथे थांबा. आपल्याकडे बरेच चार्जर ३० किंवा ६० किलोवॅटचे आहेत, त्यामुळे ई-ट्रॉनची १५० ची ताकद दिसणार नाही, पण ६० च्या चार्जरवर पन्नासच्या वर आकडा स्थिर राहिला पाहिजे. दर पाच मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढा. मध्येच तुटलं तर दुसऱ्या चार्जरवर न्या, दोष चार्जरचाही असतो. दोन वेगवेगळ्या चार्जरवर तुटलं तर दोष गाडीचा.

चार्जिंग पोर्टचं झाकण उघडून आतल्या पिना बघा, काळपट किंवा वितळल्यासारखं काही दिसलं तर ती पिना जास्त तापल्याची खूण. टेस्ट ड्राइव्हबद्दल वेगळं सांगण्यासारखं फार नाही: इंजिनाचा आवाज नाही त्यामुळे बारीक आवाज ऐकू येतात, म्युझिक बंद ठेवा, खराब रस्त्याने न्या, आणि गाडीतला थंड हवेचा एसी फुल करून पंधरा मिनिटं बघा, कारण बॅटरी थंड करायलाही तीच सिस्टीम लागते.

९. भाव आणि पैसे

थेट मालकाकडून घेतली, आणि तो व्यक्ती म्हणून विकतोय, तर जीएसटी नाही. डीलरकडून घेतली तर त्याला त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, डिसेंबर २०२४ च्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत जुन्या ईव्हीलाही तो लागू झाला, आधी १२ होता. हा पूर्ण किमतीवर नसतो. कुणी पूर्ण रकमेवर १८ टक्के जोडून दाखवत असेल तर उठून या. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विकणारा तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरतो तो आगाऊ कर) लावला जाऊ शकतो, तो रिटर्न भरताना तुमच्या खात्यात दिसतो आणि वळता होतो, पावती मात्र घ्या.

रोख देऊ नका. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, आणि उद्या काही वाद झाला तर बँकेची नोंदच कामाला येते. टोकन द्यायचंच तर थोडं, आणि व्हॉट्सअॅपवर तरी लिहून घ्या: बॅटरी रिपोर्ट इतक्याच्या खाली आला किंवा वॉरंटी नाकारली गेली तर टोकन परत.

भाव ठरवायच्या आधी इन्शुरन्सचं कोटेशन मागवा. झिरो डेप (घसारा न कापता पार्टचे पूर्ण पैसे देणारं कव्हर) या वयाच्या गाडीला मिळतंय का, बॅटरी आणि मोटरमध्ये पाणी गेलं तर कव्हर आहे का, हे दोन प्रश्न विचारा. पावसाळा डोळ्यासमोर ठेवूनच विचारा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा असतो, पण तुमच्या जुन्या गाडीवरचा बोनस तुम्ही इकडे आणू शकता, तो सोडू नका.

१०. ताबा घेताना

मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, ट्रान्सफरचा अर्ज आरटीओत गेल्याची पावती, दोन्ही चाव्या. घरचा पोर्टेबल चार्जर, टाइप २ ची (एसी चार्जिंगची) केबल आणि वॉलबॉक्स यातलं काय-काय मिळणार हे आधीच ठरवा, नंतर कंपनीकडून घ्यायला गेलात तर आकडा ऐकून बसाल. वॉलबॉक्स तर बऱ्याचदा जुन्या मालकाच्या भिंतीवरच राहतो, तो उतरवून द्यायचा कुणी, हेही बोलून घ्या.

आता एक गोष्ट जी जवळपास सगळे विसरतात. या गाड्या मोबाईल अॅपला जोडलेल्या असतात. जुन्या मालकाने स्वतःच्या अॅपमधून गाडी काढली नाही तर तो त्याच्या सोफ्यावर बसून बघू शकतो की तुमची गाडी कुठे उभी आहे, आणि काही मॉडेलमध्ये लॉकही उघडू शकतो. तुमच्यासमोर त्याला अॅपमधून गाडी काढायला लावा, मग गाडीत फॅक्टरी रीसेट करा, मग तुमच्या नावाने खातं जोडा. कंपनीच्या नावावरची गाडी असेल तर ते खातं बऱ्याचदा ड्रायव्हरच्या किंवा सोडून गेलेल्या मॅनेजरच्या मोबाईलवर असतं आणि ओटीपी तिकडे जातो, म्हणून हे काम पूर्ण पैसे द्यायच्या आधी उरका. गाडी मालकाच्या ताब्यात आणि पैसे तुमच्याकडे असेपर्यंतच सगळ्यांचे फोन उचलले जातात.

जुना फास्टॅग बंद करून तुमच्या नावाचा घ्या, नाहीतर टोल त्याच्या खात्यातून जाईल आणि भांडण तुमच्याशी होईल. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे, अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाली. टॅग आरसीशी बरोबर जोडलेला आणि इलेक्ट्रिक म्हणून नोंदलेला असला तर पैसे कापायचे प्रकार कमी होतात, कापले गेलेच तर एसएमएसचा स्क्रीनशॉट ठेवून टॅगवाल्या बँकेकडे तक्रार टाका.

पहिल्याच आठवड्यात १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासून घ्या. मोठी बॅटरी फुल असूनही ही छोटी उतरली तर दरवाजेसुद्धा उघडत नाहीत, आणि चार-पाच वर्षांच्या गाडीत तिचं वय झालेलंच असतं. तपासून कमजोर निघाली तर वाट न बघता नवीन टाका, आणि चावीतली खरी किल्ली कुठे लपलीये आणि दाराच्या हँडलमध्ये ती कुठे लागते हे घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवून ठेवा.